तडजोड की आजचं मरण उद्यावर? (अमेरिकेतली गुलामगिरी, १८२० ते १८६१)

ओहायोची_आई :
नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. लेक आठवीत आहे, पुढच्या गुरुवारी त्यांच्या इतिहासाच्या वर्गात डिबेट आहे. चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या वाट्याला आला हेन्री क्ले (१८५० ची तडजोड मांडणारा केंटकीचा सेनेटर). म्हणजे हिने उभं राहून सांगायचं की १८५० ची तडजोड हे शहाणपणाचं काम होतं. परवा जेवताना म्हणाली, "आई, मी हे कसं बोलू? त्यात पळून आलेल्या माणसांना धरून परत द्यायचा कायदा आहे." मला काही उत्तर सुचेना. आपण शाळेत हे सगळं दीड पानात उरकलेलं, लिंकन आला, गुलाम सुटले, लिंकनला गोळी घातली, धडा संपला, स्वाध्याय सोडवा.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी: १८२० च्या आधी ११ राज्यं गुलामगिरीवाली, ११ बिनगुलामगिरीची, सेनेटमध्ये काटा बरोबर मध्ये. मिसूरी राज्य आत यायचं म्हटल्यावर बोंबाबोंब. तोडगा असा निघाला की मिसूरी गुलामगिरीसकट येईल, बदल्यात मेन मुक्त राज्य म्हणून येईल, आणि फ्रान्सकडून घेतलेल्या बाकीच्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटांवर रेघ मारायची, रेघेच्या वर गुलामगिरी नाही. पुढे मेक्सिकोशी युद्ध करून १८४८ मध्ये अवाढव्य मुलूख मिळाला, कॅलिफोर्नियात सोनं निघालं आणि पुन्हा तेच भांडण. मग १८५० ची तडजोड. कॅलिफोर्निया मुक्त, युटा आणि न्यू मेक्सिकोत तिथल्या लोकांनीच काय ते ठरवायचं, टेक्सासला सरहद्दीवरचा हक्क सोडायचे १ कोटी डॉलर, राजधानीत गुलामांचा बाजार बंद (गुलाम ठेवणं चालू, बाजार तेवढा नको!), आणि दक्षिणेची समजूत काढायला फरारी गुलामांचा कडक कायदा. ११ वर्षांनी युद्ध व्हायचं ते झालंच.

तर या तडजोडींनी काही साधलं का, की नुसतं आजचं मरण उद्यावर ढकललं? लेकीला चार मुद्दे द्या. तिच्या बाजूचे हवेत, पण विरुद्ध बाजूचेही चालतील, तयारी होईल.

शेवग्याची_शेंग :
वाचतेय.

खडूस_काका :
क्लेच्या बाजूने मुद्दा आहे आणि चांगला दणकट आहे. १८५० ला युद्ध झालं असतं तर उत्तर जिंकली असती का? तेव्हा देशात रेल्वे साधारण ९,००० मैल, १८६० मध्ये ३०,००० च्या घरात आणि त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त उत्तरेत. कारखाने उत्तरेत, युरोपातून येणारा माणूस उतरतोय उत्तरेत. आणि १८५० ला लिंकन कुठे होता? स्प्रिंगफील्डला वकिली करत होता. रिपब्लिकन पक्ष जन्मायचा होता. त्या दहा वर्षांत उत्तरेने अंग धरलं. मुलीला सांगा, क्लेने गुलामगिरी वाचवली नाही, नकळत तिला मारणाऱ्याला वाढवलं. मार्क पक्के.

मृण्मयी_सिनसिनाटी :
काका, मुद्दा मान्य, पण त्या दहा वर्षांचं बिल कोणी भरलं तेही सांगा ना. जनगणनेचे आकडे बघा, १८२० ला गुलाम सुमारे १५ लाख, १८५० ला ३२ लाख, १८६० ला साडेएकोणचाळीस लाख. दोन्ही तडजोडी या माणसांबद्दल होत्या आणि खोलीत त्यांच्यातलं एक जण नव्हतं. उत्तरेतल्या गोऱ्यांनी दक्षिणेतल्या गोऱ्यांशी तडजोड केली, तिसऱ्याच्या जिवावर. भाऊ-भाऊ वाटणीला बसले आणि बहिणीला विचारलंच नाही तसलं.

बंडू_बोरिवली :
पण अमेरिकेच्या घटनेतच गुलामाला ३/५ माणूस म्हटलेलं ना? मग १८५० च्या लोकांना काय बोलणार, पायाच वाकडा.

इतिहासवेडा :
बंडू, हे ९० टक्के लोक उलटं समजतात म्हणून जरा लांबड लावतो. ३/५ हे खासदारांची संख्या ठरवायला लोकसंख्या कशी मोजायची त्याचं गणित होतं. गुलाम पूर्ण मोजा असं म्हणणारे होते त्यांचे मालक! कारण जितकी डोकी जास्त तितक्या जागा जास्त, आणि त्या डोक्यांना मत तर नाहीच. उत्तरेतले म्हणत होते मुळीच मोजू नका. मध्ये गाठ पडली ती ३/५ वर. म्हणजे दक्षिणेला जे लोक मत देऊ शकत नव्हते त्यांच्या नावावर जादा खासदार मिळाले, अध्यक्षाच्या निवडणुकीतही फायदा झाला. १७८७ च्याच घटनेत आणखी दोन तडजोडी आहेत, १८०८ पर्यंत बाहेरून गुलाम आणायला बंदी घालायची नाही, आणि पळालेला माणूस दुसऱ्या राज्यात सापडला तर परत द्यायचा. आणि संपूर्ण घटनेत 'गुलाम' हा शब्द नाही. लिहिणाऱ्यांना लाज होती म्हणायची, पण शब्दापुरती.

बंडू_बोरिवली :
बाप रे. म्हणजे उंदराची डोकी मोजून मांजराला मतं. धन्स इतिहासवेडा.

गाववाला_बार्शी :
मी यातला जाणकार नाही पण ती ३६ अंशाची रेघ वाचून आमचा बांध आठवला. आजोबा आणि चुलत आजोबांच्यात पंचांनी बांध घालून दिला, दोघांनी ईश्वरसाक्ष मान्य केला. पहिली पाच-सात वर्षं बरी गेली. मग दरवर्षी नांगरताना एक फाळ बांधावर. विचारलं तर "बैल हिकडं वढतोय". शेवटी एके वर्षी बांधच गायब आणि वर म्हणतात कसे, आता बांध कशाला, ज्याला जमंल त्यानं पेरावं. तिथून जी कोर्टबाजी सुरू झाली ती अजून चालू आहे. अमेरिकेत तो बांध कोणी नांगरला?

इतिहासवेडा :
गाववाला, हा हा, नाव-गावासकट सांगतो. इलिनॉयचा सेनेटर स्टीफन डग्लस, साल १८५४, कॅन्सस-नेब्रास्का कायदा. बैल कुठे ओढत होता तर त्याला शिकागोहून पश्चिमेला रेल्वे न्यायची होती, त्यासाठी त्या मुलखात सरकार बसवायला हवं, दक्षिणेची मतं हवीत, आणि दक्षिणेने किंमत सांगितली: रेघ पुसा. पुसली. त्या जागी "तिथल्या रहिवाशांनीच ठरवावं". ऐकायला किती लोकशाही! झालं काय, तर १८५५ च्या मार्चमध्ये कॅन्ससच्या निवडणुकीत नोंदलेले मतदार होते २,९०५ आणि मतं पडली ६,३०७. शेजारच्या मिसूरीतून लोक बंदुका घेऊन आले, मत देऊन घरी गेले. नंतर तिथे खूनखराबा झाला तो 'रक्तबंबाळ कॅन्सस' म्हणूनच प्रसिद्ध आहे. १८५६ च्या मे महिन्यात त्यावर सेनेटर सम्नरने जहाल भाषण केलं म्हणून दक्षिणेच्या ब्रूक्स नावाच्या खासदाराने सेनेटच्या सभागृहात त्याला काठी तुटेस्तोवर मारलं.

बंडू_बोरिवली :
२,९०५ चे ६,३०७. चला, हा शोध आपला नाही तर.

तुळशीकट्टा :
आमच्या सोसायटीत पार्किंगची तडजोड झाली होती, जुन्यांना आतलं, नव्यांना बाहेरचं, आणि सेक्रेटरीने...

खडूस_काका :
तुळशीकट्टाताई, प्रत्येक धाग्यावर तुमची सोसायटी नको. पानिपतच्या धाग्यावर पण पार्किंगच होतं.

तुळशीकट्टा :
काका हलके घ्या. 😄 पण खरंच सारखं आहे, वाद मिटवण्यापेक्षा विषय काढायलाच बंदी घातली आमच्याकडे.

इतिहासवेडा :
ताई, तुम्ही गंमतीत म्हणालात पण अमेरिकन प्रतिनिधिगृहाने अगदी हेच केलं होतं. १८३६ पासून १८४४ पर्यंत नियम, गुलामगिरीविरुद्ध कुठलाही अर्ज आला तर चर्चा न करता बाजूला टाकायचा. थोडक्यात ॲडमिनने धागाच लॉक केला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स तेव्हा साधा खासदार होता, तो म्हातारा दरवर्षी उठून अर्ज मांडायचा प्रयत्न करायचा आणि ओरडा खायचा. आठ वर्षं चिकटून राहिला, शेवटी नियम गेला. आणि बंदी घातल्यामुळे झालं उलटंच, ज्या उत्तरेकडच्या लोकांना गुलामांचं काही पडलेलं नव्हतं ते म्हणायला लागले, अरे, आमचा अर्ज करायचा हक्कसुद्धा यांच्यापायी जाणार?

मृण्मयी_सिनसिनाटी :
मी ओहायो नदीपासून पंधरा मिनिटांवर राहते. नदीच्या पलीकडे केंटकी, म्हणजे त्या काळचं गुलाम राज्य, अलीकडे ओहायो, मुक्त. पावसाळा सोडला तर नदी बघून वाटतं, एवढंच अंतर? इथे नदीकाठावर भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे ('भुयारी रेल्वे' म्हणजे पळणाऱ्यांना लपवत पुढे पोचवणाऱ्या लोकांचं जाळं, रूळ-बिळ काही नाही). आत केंटकीतून उचलून आणलेली लाकडी कोठी उभी केलीय, विकायला न्यायच्या आधी माणसं जिथे कोंडून ठेवायचे ती. आई-बाबा भारतातून आले होते तेव्हा नेलं होतं. बाबा आत पाच मिनिटं उभे राहिले आणि बाहेर येऊन चहासुद्धा नको म्हणाले, आणि आमचे बाबा चहाला नाही म्हणत नाहीत.

१८५० च्या कायद्यात काय होतं ते ऐका. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येणार नाही. ज्युरी नाही. आयुक्तासमोर सुनावणी, आणि आयुक्ताला फी: माणूस मालकाला परत दिला तर १० डॉलर, सोडला तर ५ डॉलर. कारण काय सांगितलं, तर परत पाठवायचा असला की कागदपत्रं जास्त करावी लागतात! पळालेल्याला लपवलं तर १,००० डॉलर दंड आणि ६ महिने तुरुंग. रस्त्यावरच्या कुणाही माणसाला पकडायच्या कामाला जुंपता येत होतं.

१८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर नावाची बाई कुटुंबासकट गोठलेली नदी चालत ओलांडून इकडे आली. पकडणारे दारात आल्यावर तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला मारून टाकलं, परत जाऊ देण्यापेक्षा. आणि कोर्टात वाद कशाचा, तर हिच्यावर ओहायोत खुनाचा खटला भरायचा की ही मालमत्ता म्हणून परत द्यायची. परत दिली. काका, तुमची ती दहा वर्षं ही अशी.

खडूस_काका :
मृण्मयी, यावर मी काय बोलणार. पण माझा मुद्दा नैतिक नव्हता, हिशेबाचा होता. तरी एक सांगतो, तुझंच उदाहरण माझ्या बाजूने जातं. हा कायदा आला म्हणूनच गुलामगिरी उत्तरेच्या अंगणात दिसली. तोपर्यंत बोस्टनच्या व्यापाऱ्याला कापूस दिसत होता, माणूस दिसत नव्हता. १८५४ ला पळून आलेल्या अँथनी बर्न्सला बोस्टनमधून परत नेलं तेव्हा एका माणसाला जहाजावर चढवायला सैन्य लागलं, रस्त्यावर ५०,००० च्या आसपास लोक, दुकानांवर काळी कापडं. एक गिरणीवाला लिहून गेलाय की रात्री झोपलो ते जुन्या वळणाचे तडजोडवाले, सकाळी उठलो ते कट्टर गुलामगिरीविरोधक.

रेवा_डेट्रॉइट :
अँथनी बर्न्सचं पुढचंही सांगा ना, बरं वाटेल. वर्षभरातच बोस्टनच्या लोकांनी पैसे जमवून त्याला सोडवलं, मग तो ओहायोतच ओबर्लिनला शिकला आणि कॅनडात सेंट कॅथरिन्सला पाद्री झाला. (धागाकर्ती, ओहायो आहे बघ, लेकीला वापरता येईल.)

आमच्या इथे नदीकाठावर ब्राँझचा पुतळासमूह आहे, सगळे पलीकडे बघतायत, एक जण बोट दाखवतोय. पलीकडे विंडसर, कॅनडा. १८५० च्या आधी ओहायो-मिशिगनला पोचलं की सुटलो असं तरी वाटायचं, या कायद्यानंतर तेही गेलं, हजारो लोक कॅनडात गेले. आम्ही विंडसरला इडली खायला जातो त्याच नदीवरून. पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हापासून पुलावर गाडी घातली की दरवेळी आठवतंच.

प्रॅक्टिकल_पांडू :
सगळे भावनिक होताय. पैसे देऊन प्रश्न सुटला असता की. ब्रिटिशांनी १८३३ ला मालकांना २ कोटी पौंड देऊन मिटवलं, एक गोळी नाही. अमेरिकेने तेच करायला हवं होतं. नाहीतरी यंत्रं आल्यावर गुलामगिरी आपोआप संपलीच असती.

इतिहासवेडा :
पांडूशेठ, दोन गोष्टी. यंत्राने गुलामगिरी वाढवली. १७९३ ला सरकी काढायचं यंत्र आलं आणि कापूस परवडायला लागला, म्हणून तर १७९० चे ७ लाख गुलाम १८६० पर्यंत साडेएकोणचाळीस लाख झाले. १८६० मध्ये अमेरिकेच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त पैसा कापसाचा. धंदा तेजीत होता, मरणाला टेकलेला नव्हता.

दुसरं, विकत घ्यायचं म्हणता, विकायला कोण तयार होतं? त्या माणसांची बाजारभावाने किंमत ३ अब्ज डॉलरच्या आसपास धरतात, देशातली सगळी रेल्वे आणि कारखाने मिळून एवढे होत नव्हते. लिंकनने १८६१ च्या शेवटी डेलावेअरला विचारून पाहिलं, तिथे जेमतेम १,८०० गुलाम, सगळ्यात सोपं राज्य. त्यांनीही नाही म्हटलं. वॉशिंग्टन शहरात मात्र एप्रिल १८६२ ला माणशी ३०० डॉलरपर्यंत देऊन सोडवले. पैसे अर्थात मालकाला मिळाले, राबलेल्याला नाही.

जाता जाता, ब्रिटिशांच्या त्या १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. आपल्याकडे गुलामीला कायद्याने मान्यता नाकारली ती १८४३ मध्ये.

नर्मदा_प :
उशिरा येतेय. कोणीतरी फुल्यांचं लिहील म्हणून वाट बघत होते! जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलाम मुक्त केले त्यांना. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती फक्त. पुण्यात बसून हा माणूस ती बातमी आपल्या शूद्रातिशूद्रांच्या अंगाने वाचत होता. आणि अर्पण केलं ते सोडवणाऱ्यांना, क्ले किंवा त्याच्या तडजोडीला साथ देणाऱ्या सेनेटर वेब्स्टरना नाही, हेही बघा.

सडेतोड_७७ :
हे सगळं ठीक, पण युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही, राज्यांच्या हक्कांवरून झालं. इथे डाव्या लोकांनी...

मृण्मयी_सिनसिनाटी :
सडेतोड, राज्यांचे हक्क? फरारी गुलामांचा कायदा म्हणजे केंद्राने राज्यांच्या डोक्यावर बसणं होतं की. उत्तरेतली राज्यं म्हणत होती आमच्या तुरुंगात या माणसांना ठेवणार नाही, विस्कॉन्सिनच्या कोर्टाने तर कायदाच घटनाबाह्य ठरवला, आणि दक्षिण ओरडत होती की केंद्राने यांना सरळ करावं. साउथ कॅरोलिनाने फुटताना जो जाहीरनामा काढला त्यात तक्रारच ही आहे की उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत. मिसिसिपीने तर सुरुवातीलाच लिहून टाकलंय, आमचं सगळं गुलामगिरीशी बांधलेलं आहे. त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण तुम्ही का बदलताय?

सडेतोड_७७ :
वाचून सांगतो.

शेवग्याची_शेंग :
(पॉपकॉर्न)

लपंडाव :
मी कायम वाचनमात्र, पण क्लेबद्दल एक. हा तडजोडींचा महर्षी स्वतः गुलाम बाळगून होता, केंटकीत लेक्सिंग्टनला मोठी इस्टेट. १८२९ मध्ये तो परराष्ट्रमंत्री असताना त्याच्याच घरातल्या शार्लट डुपुई नावाच्या बाईने वॉशिंग्टनच्या कोर्टात त्याच्यावर दावा लावला, मी आणि माझी मुलं स्वतंत्र आहोत म्हणून. घर राष्ट्राध्यक्षांच्या निवासापासून हाकेच्या अंतरावर! हरली. केंटकीला परत यायला नकार दिला तर क्लेने तिला तुरुंगात टाकायला लावलं आणि मग न्यू ऑर्लिन्सला मुलीच्या घरी धाडलं. १८४० ला सोडलं एकदाचं. सेनेटमध्ये अख्ख्या देशाची भांडणं मिटवणाऱ्याला घरातल्या बाईशी मात्र तडजोड करता आली नाही.

खडूस_काका :
हे माहीत नव्हतं. क्लेला मी आत्तापर्यंत जरा मानत होतो.

इतिहासवेडा :
आणखी एक बारकावा, डिबेटमध्ये उपयोगी. १८५० ची 'तडजोड' खरं तर तडजोडच नव्हती. क्लेने सगळं एका विधेयकात बांधलं, ते पडलं, तो थकून समुद्रकिनारी निघून गेला. मग वरच्याच डग्लसने त्याचे पाच तुकडे केले आणि प्रत्येकाला वेगळं बहुमत जमवलं. कॅलिफोर्नियाला उत्तर हो, फरारी कायद्याला दक्षिण हो, मधले मूठभर दोन्हीकडे. पाचही विधेयकांना हो म्हणणारे फारच थोडे. म्हणजे कुणीच समोरच्याचं मान्य केलं नाही, फक्त पाच पंगती वेगवेगळ्या उठल्या. विरोध करणारे राष्ट्राध्यक्ष टेलर जुलैमध्ये वारले आणि त्यांच्या जागी आलेले फिलमोर सही करायला तयार होते, हेही नशीब.

ओहायोची_आई :
बापरे, दोन दिवस आले नाही तर धागा कुठल्या कुठे! सगळ्यांना धन्यवाद. लेकीने सगळं वाचलं (मी वाचून दाखवलं, तिचं मराठी 'पंगती' ला अडकतं). शार्लटचं वाचल्यावर म्हणाली मी क्ले होणार नाही. टीचरला मेल केला, टीचर म्हणाल्या चिठ्ठी बदलणार नाही. एकच विचारते, १८६० नंतर कोणी तडजोडीचा प्रयत्न केलाच नाही का? आणि लिंकन तडजोडीच्या पूर्ण विरुद्ध होता ना?

इतिहासवेडा :
केला की. केंटकीच्याच क्रिटेंडनने डिसेंबर १८६० मध्ये मांडलं, घटनादुरुस्ती करून ती जुनी रेघ परत आणा, आणि ही दुरुस्ती पुढे कधीही बदलायची नाही अशी अट घाला. लिंकन निवडून आलेला पण खुर्चीत बसायचा होता, त्याने आपल्या लोकांना पत्रं पाठवली, गुलामगिरीच्या विस्तारावर अजिबात मागे हटू नका, रस्सीखेच व्हायचीच आहे तर पुढे होण्यापेक्षा आत्ता झालेली बरी. पडला तो प्रस्ताव. क्रिटेंडनचे दोन मुलगे पुढे सेनापती झाले, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा.

पण लिंकन सरसकट तडजोडविरोधी नव्हता. ओहायोच्या कॉर्विन नावाच्या खासदाराच्या नावाने एक घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत पास झाली, मार्च १८६१ च्या सुरुवातीला, की राज्यांतल्या गुलामगिरीला काँग्रेसने कधीच हात लावायचा नाही. लिंकनने पहिल्याच भाषणात सांगितलं माझी हरकत नाही. जिथे आहे तिथे राहू दे, नवीन मुलखात एक पाऊल नाही, ही त्याची रेघ. तेवढंही दक्षिणेला पुरलं नाही. ती तेरावी दुरुस्ती झाली असती. ओहायोने तिला मंजुरीही देऊन टाकली होती, नंतर मागे घेतली. १८६५ ला जी खरी तेरावी आली तिने गुलामगिरीच संपवली.

खडूस_काका :
म्हणजे तेरावी म्हणून गुलामगिरी कायमची करणारी आली असती. मी माझा हिशेबाचा मुद्दा मागे घेत नाही, पण जरा कमी आवाजात मांडतो.

ओहायोची_आई :
अपडेट. काल झालं डिबेट. काकांचा रेल्वेवाला मुद्दा चालला, टीचरनी मान डोलावली म्हणे. मग समोरच्या मुलाने विचारलं, मिस्टर क्ले, १० डॉलर आणि ५ डॉलर का? हिला धाग्यामुळे माहीतच होतं, हिने क्लेच्या थाटात सांगितलं, "कागदपत्रं जास्त असतात." वर्ग हसला. घरी येऊन म्हणाली, उत्तर बरोबर होतं पण सगळे हसले ना, तेव्हा मला पोटात कसंतरी झालं. रात्री नीट जेवली नाही. निकाल दोन मतांनी हरली, त्याचं काही नाही वाटलं तिला.

शनिवारी रिप्लेला जातोय, नदीकाठच्या टेकडीवर रँकिन पाद्र्याचं घर आहे, पळून येणाऱ्यांना तिथे आसरा मिळायचा. नदीपासून वर शंभरेक पायऱ्या आहेत म्हणे. मृण्मयी, येतेस का?

मृण्मयी_सिनसिनाटी :
येते. थालीपीठं माझ्याकडे. व्यक्तिगत निरोप करते.

खडूस_काका :
फोटो टाका. माझे गुडघे शंभर पायऱ्यांवर तडजोड करणार नाहीत.

बंडू_बोरिवली :
या युद्धामुळे मँचेस्टरचा अमेरिकन कापूस बंद झाला आणि मुंबईत शेअरचा धुमाकूळ झाला, १८६५ ला सगळे बुडाले, त्याबद्दल कोणीच नाही लिहिलं? राजाबाई टॉवर त्या शेअरबाजारात गाजलेल्या प्रेमचंद रायचंदांच्या पैशांचा ना?

इतिहासवेडा :
हो त्यांच्याच. वेगळा धागा काढ, वऱ्हाडातल्या कापसापासून सुरू करू.